सनद की वर्ग? कायद्याच्या प्राध्यापकाची वाट

प्रश्न: माझी मुलगी मुंबईत बीएलएस एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. वकिली नको, कायदा शिकवायचा आणि कोर्टाच्या निकालांवर वर्तमानपत्रात लिहायचं, वाहिन्यांवर बोलायचं, असं म्हणते. यात पोट भरेल का? की आधी काही वर्षं वकिली करावी?
— एक पालक, कांदिवली

उत्तर: पोटाचं आधी सांगतो. कायदेविषयक भाष्यकार ही नोकरी नव्हे. लेखाचं मानधन मिळालं तरी त्यावर कांदिवलीचं घरभाडं निघत नाही, आणि वाहिनीवरच्या चर्चेला मिळेलच असं नाही. पगार शिकवण्याचा असतो, भाष्य त्यावर उभं राहतं.

शिकवण्यासाठी एलएलएमला (कायद्याची पदव्युत्तर पदवी) किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. मुंबई विद्यापीठाचं एलएलएम दोन वर्षांचं आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ते एका वर्षात होतं, पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी क्लॅट-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: 120 प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. नेटमध्ये उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. कायद्याची हुशार मुलं बहुधा पहिल्या पेपरमध्ये अडकतात. अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेवारी यांचे ते 50 प्रश्न 'सोपे आहेत' म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात. सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीची सक्ती नाही, पुढच्या पदांना मात्र ती लागतेच.

वेतनश्रेणीतल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पण सुरुवात बऱ्याचदा तासिका तत्त्वावर होते. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत काहीच नाही. घरच्यांनी अशी दोन-तीन वर्षं गृहीत धरावीत.

वकिलीबद्दल माझं मत: दोन वर्षं जरूर करावी, आणि कारण अनुभवाच्या दाखल्याचं नाही, कारण ती वर्षं सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेत धरली जात नाहीत. अर्ज कसा दाखल होतो, तारीख का पडते, अंतरिम आदेश हातात पडायला किती दिवस जातात, हे न पाहिलेला माणूस वर्गात फक्त कलमं वाचून दाखवतो. इथे एक नियम तिच्या बाजूचा आहे. केंद्र सरकारच्या 1979 च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. मुंबईत सकाळचे वर्ग घेऊन साडेदहाला कोर्ट गाठणं जमतं. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झाल्यावर मात्र वकिली करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या वकिलांच्या नियामक संस्थेला कळवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते. बरेच जण हे कळवत नाहीत आणि पुढे शिस्तभंगाच्या तक्रारीत सापडतात.

आता भाष्य. यात घोटाळे इंग्रजीमुळे कमी आणि घाईमुळे जास्त होतात. सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका (अपील ऐकण्याची परवानगी मागणारा अर्ज) कारण न देता फेटाळली, की 'सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब' असा मथळा येतो. 2000 सालच्या कुन्हयम्मेद निकालाप्रमाणे ते चूक आहे: न्यायालयाने फक्त अपील ऐकायला नकार दिलेला असतो, राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 खालचा, म्हणजे सगळ्या कोर्टांना बंधनकारक असा, कायदा घडवलेला नसतो. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी बोलले तो आदेश नव्हे. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. म्हणून निकालपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर बसायचं नाही. वाहिनीचा फोन अर्ध्या तासात येतो, तेव्हा 'अजून वाचलं नाही' म्हणता आलं पाहिजे.

भाष्य कसं असावं याचा धडा महाराष्ट्रातल्याच खटल्यातून मिळतो. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भर आरडाओरड्यावर नव्हता. संमती आणि निमूट शरण जाणं यांतला फरक निकालाने पुसला, एवढा नेमका मुद्दा होता. 1983 मध्ये कायदा बदलला.

टीकेला घाबरायचं कारण नाही. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरची रास्त टीका 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम 5 नुसार अवमान नाही. न्यायाधीशाच्या हेतूवर बोट ठेवलं, की बात वेगळी. आणि बलात्कारपीडितेची ओळख कुठल्याही आडवाटेने उघड होऊ द्यायची नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली तो गुन्हा आहे.

तिने आजपासून आठवड्याला एक निकाल घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. वाद काय, खालच्या कोर्टाने काय म्हटलं, न्यायालयापुढचा प्रश्न कोणता, आणि बंधनकारक भाग कुठे संपून ऑबिटर, म्हणजे ओघात केलेलं बंधनकारक नसलेलं मतप्रदर्शन, कुठे सुरू होतं, हे 600 मराठी शब्दांत लिहावं. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहावा, आणि तरीही प्रतिशब्द बोजड वाटला तर 'जामीन' किंवा 'रिट'सारखा रुळलेला शब्दच ठेवावा. पहिले दहा लेख छापायला देऊ नयेत, कायद्याशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यावेत. तुम्हीच वाचा.

नोकरीचा अर्ज करताना पद अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळेल का, हे मुलाखतीतच विचारावं. मान्यता नसेल, तर ती वर्षं पुढच्या बढतीत मोजून घेताना फार झगडावं लागतं.