माण तालुक्यातल्या छोट्या शाळेतल्या शिक्षकांना आणि गावकऱ्यांना पर्यावरण शिक्षणाच्या संधी कुठे मिळतील?

तुमचा प्रश्न मनापासून आवडला. माणमधली दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, खर्चाला पैसा नाही. तुम्हाला स्वतःला शिकायचं आहे आणि गावातल्या बचत गटाच्या बायकांनाही बरोबर घ्यायचं आहे. मी शेजारच्या खटाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, त्याआधी जावळीत होते. म्हणजे एकाच सातारा जिल्ह्यातली धो-धो पावसाची आणि कोरडी, अशी दोन्ही टोकं शिक्षिका म्हणून पाहिली आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

आधी एक घडलेली गोष्ट. जावळीत असताना आम्ही पाच जूनला रोपं लावायचो आणि ती जगायची, कारण आठ-दहा दिवसांत पाऊस धरायचा. खटावला बदली झाल्यावर पहिल्याच वर्षी मी तसंच केलं. एका कार्यालयाकडून साठ रोपं आली, बहुतेक गुलमोहर. पाहुणे आले, फोटो झाले. जुलै संपेपर्यंत नळाजवळची चार सोडली तर सगळी वाळली. मुलं आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी घालत होती तरीही. तिसरीतली एक मुलगी माझ्या पदराला धरून रडली, "बाई, माझं झाड मेलं." त्याच दिवशी मेंढरं घेऊन जाणारे एक तात्या कुंपणापाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, आपल्याकडचा पाऊस उत्तरा-हस्ताचा. मिरगाच्या भरवशावर इथं कोण झाड लावतं? आन् लावायचंच तर बोर लावा, बाभळ लावा, हिवर लावा."

मी दुसऱ्या दिवशी तात्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी मुलांना कुसळी, पवना, मारवेल अशी गवतं हातात देऊन ओळखायला शिकवली. कुठलं गवत मेंढरू आवडीनं खातं, कुठल्याचं कुसळ लोकरीत रुततं, कुठलं उगवलं की जमीन सुधारली समजायची, हे सगळं त्यांनी तासाभरात सांगितलं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात 'परिसर' हा शब्द मी इतकी वर्षं शिकवत होते, पण शाळेच्या मागच्या माळावरच्या एकाही गवताचं नाव मला माहीत नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं: प्रशिक्षण कुठे आहे हे शोधण्याआधी तुमच्या गावात कोणाला काय माहीत आहे ते शोधा. माणमध्ये तर हे फार सोपं आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं झाली. पहिल्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि २०१८ साली तुमच्याच माणमधलं टाकेवाडी. त्या काळात गावोगावचे लोक निवासी प्रशिक्षणाला गेले होते. माथा ते पायथा काम का करायचं, सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) कसे आखायचे, उतार कसा मोजायचा हे ते हातांनी शिकून आले. तुमच्या किंवा शेजारच्या गावात असं कोणी ना कोणी नक्की सापडेल, आणि त्यात बायकाही असतील. त्यांना घेऊन मुलांची एक फेरी शिवारात काढा. त्याच संस्थेने शाळांसाठी 'निसर्गाची धमाल शाळा' हा उपक्रमही तयार केला आहे. खेळ आणि प्रयोगांतून माती-पाणी शिकवण्याची त्याची रीत बघून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'प्रशिक्षण' या भागाकडे येते. सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात दुर्लक्षित व्यासपीठ म्हणजे आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. केंद्रप्रमुखांना भेटून एक तास मागून घ्या. त्या तासात वन खात्याचे वनरक्षक किंवा जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक बोलवा. मी पहिल्यांदा मागितला तेव्हा वाटलं होतं नाही म्हणतील, पण विषय सुचवणारं कोणी असेल तर केंद्रप्रमुखांनाही बरंच वाटतं. आमच्या केंद्रात एका प्राध्यापकांनी शाळेच्या आवारातल्याच अकरा झाडांवर दीड तास बोलून दाखवलं. कोणी घड्याळ पाहिलं नाही. फलटणला आपली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. तिथेही परिसर अभ्यासाच्या प्रशिक्षणाची मागणी लेखी द्या. चार-पाच शाळांनी मिळून दिली तर जास्त बरं.

दुसरं कार्यालय सामाजिक वनीकरणाचं. राष्ट्रीय हरित सेना ही शाळांमधल्या पर्यावरण मंडळांची योजना २००१-०२ पासून आपल्या राज्यात त्यांच्यामार्फत शाळांपर्यंत आली. त्यांच्याकडे जाताना 'रोपं द्या' एवढंच म्हणू नका. 'आमच्या मातीला चालणारी देशी रोपं द्या आणि सप्टेंबरमध्ये द्या' असं स्पष्ट लिहून द्या. आणि एक कळकळीने सांगते, गवताळ माळ उकरून तिथे झाडांच्या रांगा लावू नका. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. चंडोल, धाविक, टिटवी जमिनीवर अंडी घालतात, हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थेट मध्य आशियाकडून येऊन या गवतात मुक्काम करतात, लांडग्याचं घरही हेच. आपल्या दुष्काळी पट्ट्याची खरी संपत्ती हा माळ आहे, आणि तो वाचवायला मुलांनी आधी तो बघितला पाहिजे. झाडं शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी, बांधावर लावा.

पैसे न लागणारे जे कार्यक्रम आम्ही दरवर्षी करतो ते असे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा निवडला आहे. फेब्रुवारीच्या मध्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही चार दिवसांची जगभरातली पक्षीगणना असते. एका जागी किमान १५ मिनिटं थांबायचं, जे पक्षी दिसतील ते मोजायचे आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नोंदवायचे. शिक्षकाचा एक मोबाइल पुरतो. मुलांना आपली यादी जगाच्या नकाशावर दिसते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला कुठल्याच स्नेहसंमेलनात दिसलेलं नाही. जुलैच्या शेवटी पतंगांचा, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या कीटकांचा, आठवडा असतो. त्याला एक पांढरं धोतर आणि एक दिवा लागतो. संध्याकाळी शाळेच्या भिंतीला धोतर बांधा, दिवा लावा, मुलांसोबत आयांनाही बोलवा. दिवसभर शेतात असणाऱ्या बायकांना हाच कार्यक्रम सोयीचा पडतो.

वर्षभर चालणारं काम हवं असेल तर सीझनवॉच हा झाडांच्या नोंदींचा उपक्रम बघा. आपलं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं यांची नोंद करायची. आमच्या शाळेत लिंब, चिंच आणि बोर निवडले आहेत. चौथीतली मुलं जाताना आपलं झाड दुसरीतल्या मुलांकडे सोपवून जातात. सुरुवातीला हे ठरवून केलं नव्हतं, मुलांनीच सुरू केलं.

बचत गटाच्या बायकांसाठी दोन वाटा सांगते. एक, कृषी विज्ञान केंद्र. आपल्या जिल्ह्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे अशी दोन आहेत. गांडूळखत, परसबाग, बियाणं राखणं यांसाठी गटाने मिळून मागणी केली तर ती ऐकली जाते. दुसरी वाट फारशी कोणी वापरत नाही, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिच्यात एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, असायला हवी. ग्रामसेवकांकडे जाऊन ती नोंदवही बघायला मागा. बऱ्याच गावांत ती घाईने भरलेली असते, शेजारच्या गावाचीच नावं उतरवलेली असतात. आमच्या गावातही तसंच होतं. मग बायका बसल्या. कुठली रानभाजी कुठल्या बांधावर, ज्वारीची कुठली जुनी वाणं कोणाच्या घरी अजून राखली आहेत, पोट धरलं तर कुठला पाला, कुठली चिमणी हल्ली दिसत नाही, असं सगळं त्या बोलत गेल्या आणि मुलं वहीत लिहीत गेली. कुठलीही संस्था बाहेरून येऊन हे देऊ शकली नसती. ती वही पुढे ग्रामसभेत वाचली. ज्या आजी ग्रामसभेला कधी फिरकल्या नव्हत्या, त्या आपलं नाव ऐकायला आल्या.

सापांबद्दल एक सूचना. पावसाळ्यात सापाच्या जागृतीचा कार्यक्रम जरूर ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी मुलांना चित्रांवरून ओळखता आले पाहिजेत, आणि दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना हे घराघरात पोचलं पाहिजे. पण जिवंत साप आणून खेळवणाऱ्याला बोलावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही, आणि मुलं तेवढंच शिकतात की साप हातात धरायचा असतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांसाठी प्रसिद्ध होती. न्यायालयाने तिथल्या त्या खेळांवरही बंदी आणली.

स्वतःच्या अभ्यासासाठी लांब जायची तयारी असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. १८८३ सालची संस्था, मुंबईत गोरेगावला तिचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे. सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन मूळ अहमदाबादचं, १९८४ सालचं, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे आणि शिक्षकांबरोबर काम करण्यातच त्यांचा हातखंडा आहे. या दोन्ही ठिकाणी विचारून ठेवा, पण पहिल्या वर्षी तिकडे धावपळ करू नका असं माझं मत आहे. एक वर्ष आपला माळ बघून गेलं की तिथे विचारायला प्रश्न असतात.

सहलीबद्दल. सगळे कासच्या पठारावर जातात. कास जागतिक वारशात आहे (२०१२), आणि जांभ्याच्या कातळावरच्या बोटभर मातीत एवढी फुलं कशी येतात हा धडा तिथेच शिकावा. सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पती त्या मातीत पोषण कमी म्हणूनच कीटकांवर जगतात. वायतुरा ही तिथली वनस्पती तर आपल्या साताऱ्याच्या नावानेच शास्त्रात ओळखली जाते. पण शनिवार-रविवार टाळा आणि आधी नोंदणी करा. तुमच्या मुलांना मी त्याआधी दोन ठिकाणी नेईन. थंडीत मायणीचा तलाव, तिथे स्थलांतर करून आलेले पक्षी बघायला मिळतात. आणि सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य. ते माणसांनी उघड्या डोंगरांवर वाढवलेलं जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण तिथे सांबर आहेत, काळवीट आहेत. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या मुलांना तिथले डोंगर आपल्यासारखेच वाटतात, म्हणून ते जास्त भिडतं.

आता तुम्ही लगेच करण्यासारखं एक काम. सरळ भिंतीची एक मोठी प्लास्टिक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, तळाशी खडे टाकून सपाट होईल एवढं पाणी भरा आणि तिथून वर पट्टी चिकटवा. पर्जन्यमापक झाला. झाडाखाली किंवा वळचणीला ठेवू नका, उघड्यावर खुंटीला बांधा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं गणित चौथीच्या मुलांना येतं. मग शाळेच्या छपराचं माप घेऊन वर्षाला किती लिटर पाणी गटारात गेलं हे ती स्वतः काढतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि आपल्याकडे पाचशेच्या आसपास, दोन्ही एकाच जिल्ह्यात, यावर आमच्या वर्गात दोन दिवस बोलणं चाललं होतं.

वहीत तीन रकाने आखा: तारीख, मिलिमीटर आणि नक्षत्र. तिसऱ्या रकान्यामुळे घरातले आजी-आजोबा ती वही वाचायला लागतात, आणि "आमच्या वेळेला आर्द्रात एवढा पडायचा" असं सांगायला शाळेत येतात. आमची वही आता सहाव्या पावसाळ्यात आहे. रोपं आम्ही हस्तात लावतो.