‘मला सुचतच नाही’

संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी माझ्याकडे जी चिंता घेऊन येतात, तिचे शब्द बहुधा एकच असतात: ‘इतरांना उत्तर सुचते, मला ते वाचल्यावरच कळते, म्हणजे हे क्षेत्र माझे नाही.’ तिसऱ्या वर्षातील एका मुलाच्या बाबतीत निमित्त होते कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरील एका प्रश्नाचे. दिलेल्या शब्दाच्या प्रत्येक सलग तुकड्यातील स्वरांच्या संख्येला त्या तुकड्याच्या लांबीने भागायचे आणि सर्व भागाकारांची बेरीज करायची. शब्द 5 लाख अक्षरांचा असू शकतो, म्हणजे तुकडे सुमारे 12,500 कोटी. एकेक तुकडा तपासणारा त्याचा प्रोग्राम वेळेत संपणे शक्यच नव्हते. ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ (वेळेची मर्यादा ओलांडली) हा पद्धतीवरचा शेरा त्याने स्वतःच्या बुद्धीवरचा निकाल म्हणून वाचला होता.

पूर्वी मी हाच विषय शिकवीत असल्यामुळे नुसता धीर न देता त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि ‘बी-ए-टी’ या शब्दाचे सहाही तुकडे लिहायला सांगितले. बेरीज आली 2 पूर्णांक 1/3.

“यातला ‘ए’ किती तुकड्यांत आला?”

“चार, मॅडम. एक अक्षरी एक, दोन अक्षरी दोन, तीन अक्षरी एक.” मग जरा थांबून तो म्हणाला, “म्हणजे तुकडे उघडायचेच नाहीत, लांबीनुसार स्वर मोजायचे.”

स्वरांची धावती बेरीज, म्हणजे प्रत्येक अक्षरापर्यंत किती स्वर आले ती संख्या, आधी लिहून ठेवली की लांबी एकने वाढताना एकूण स्वरसंख्येत पडणारा फरक एका वजाबाकीत मिळतो, हेही त्यानेच शोधले.

त्याची अडचण सवयीची होती. थोड्या वेळात काही सुचले नाही की तो उत्तर उघडत असे. इतरांची तयार उत्तरे दिसत, पण त्यांनी त्याआधी कागदावर केलेली खटपट दिसत नसे. म्हणून मी त्याला सांगितले की, उत्तर उघडण्यापूर्वी तीन-चार अक्षरांची उदाहरणे हाताने सोडव आणि उत्तर पाहावेच लागले, तर दुसऱ्या दिवशी ते न पाहता पुन्हा लिही. असे अडलेल्या मुलांना आणखी क्लास लावून देणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगते.

पुढच्या भेटीत त्याने सांगितले की, नवा प्रोग्राम वेळेत संपला, पण मोठ्या शब्दांवर उत्तर चुकले. स्वरांची बेरीज 32 बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे प्रोग्रामने संख्येसाठी राखलेल्या ठरावीक जागेत, मावत नव्हती. ते त्याने स्वतःच शोधून दुरुस्त केले होते, आणि या वेळी तो दुसराच प्रश्न घेऊन आला होता.