कॉमिकचं मूळ पान भिंतीवर लावायचंय, काळी फ्रेम घेऊ की लाकडी?

तुम्ही लिहिलंय की शाईने काढलेलं ११ बाय १७ इंचांचं मूळ पान मिळालंय, कडेला थोडं लाटेसारखं झालंय, फ्रेमवाला ‘चिकटवून सपाट करून देतो’ म्हणतोय आणि तुम्हाला फक्त फ्रेमचा रंग ठरवायचाय. रंगाचं शेवटी सांगतो. आधी ते पान त्याच्याकडून परत घेऊन या.

चिकटवलेलं पान दुकानातून येतं तेव्हा सुंदरच दिसतं, म्हणून चिकटवावं की नाही हा वाद कधी संपत नाही. गरम प्रेसखाली ८० ते ९० अंशांवर गोंदाचा पातळ थर वितळतो आणि कागद बोर्डाला कायमचा धरला जातो. असं एक पान मी जवळून तपासलंय. तिसऱ्या चौकटीतल्या आभाळावर ठिपक्यांच्या टोनची फिल्म होती, म्हणजे छटा दाखवायला चिकटवलेली, ठिपके छापलेली पारदर्शक फिल्म. उष्णतेने ती आकसली होती आणि इमारतीची रेघ व ठिपके यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट पडली होती. संवादाचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून रबर सिमेंटने लावलेले होते. तो गोंद पातळ होऊन फुग्याच्या कडेने पसरला होता आणि पुढे तपकिरी झाला होता. एक फुगा दोन मिलिमीटर सरकून पात्राच्या केसांवर चढला होता. पानाच्या पाठीवर काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. पाठीवर बरेचदा छपाईचे शिक्के, पेन्सिलचे कच्चे आराखडे, कधी आधी फसलेलं अख्खं चित्र असतं. ते सगळं बोर्डाच्या आत गेलं.

आणि ती लाट म्हणजे दोष नाही. कागद हवेतला ओलावा घेतो, फुगतो, पुन्हा आकसतो; जिथे शाईचे मोठे काळे भाग आहेत तिथे जरा वेगळा ओढतो. मोकळं टांगलेलं पान हे सहज सहन करतं. चारी बाजूंनी जखडलेलं पान सुरकुततं, नाहीतर फाटतं. थोडी लाट दिसू द्या.

पान फक्त वरच्या कडेने टांगायचं. जपानी कागदाच्या (लांब तंतूंचा पातळ कागद) दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी साधारण २५ मिलिमीटर रुंद. कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशची रेघ मारून फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू सैल राहतात आणि पुढून कड उमटत नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ घट्ट हवी, ब्रशवरून थेंब पडता कामा नये. पानाच्या पाठीला वरून फक्त ४-५ मिलिमीटरची चिकट जागा पुरते. दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या साधारण पाचव्या हिश्शावर एकेक पट्टी लावा, वर टिपकागद आणि वजन ठेवून पूर्ण सुकू द्या. मग पट्टी मागे घडी करून मागच्या बोर्डाला लावा, म्हणजे समोरून काहीच दिसत नाही. पट्टी पानापेक्षा कमजोर असलीच पाहिजे: फ्रेम पडली तर पट्टी तुटावी, पान नाही. ‘मजबूत टेप लावलाय’ असं अभिमानाने सांगणारा माणूस नेमकं उलटं करून ठेवतो.

खळीला हात लावायची भीती वाटत असेल तर पॉलिएस्टरचे पारदर्शक कोपरे वापरा, ज्यांत पानाची टोकं नुसती अडकवायची. पानाला गोंद लागतच नाही. कोपऱ्यात १-२ मिलिमीटर ढील ठेवा आणि कोपऱ्यांचा टेप फक्त बोर्डाला लागेल हे पाहा. मार्करने रंगवलेल्या पानाला तर कोपरेच लावा, कारण खळीच्या ओलाव्याने मार्करचा रंग फुटतो. सेलोटेप, स्प्रेचा गोंद, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप यांतलं काहीही पानाला लागता कामा नये. आधीपासून टेप असेल तर ओढू नका, कागद-संवर्धकाला दाखवा.

दुसरा माझा जुना वाद समासाचा आणि माउंटचा, म्हणजे चित्राभोवती लावतात त्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याचा. ‘कडेचं घाण दिसतं, माउंटने झाकून टाका’ हे मला अजिबात पटत नाही. समासातच तर ते पान पान आहे: निळ्या पेन्सिलच्या रेषा, पानाचा क्रमांक, संपादकाची सूचना, निब पुसून पाहिल्याचे फराटे. निळी पेन्सिल तर वापरायचेच यासाठी, की छपाईच्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर तो निळा पांढऱ्या कागदासारखाच येई. छापील अंकात जे कधीच दिसणार नाही ते घरी भिंतीवर दिसतंय, आणि तेच झाकायचं? शिवाय माउंटखालचा भाग ताजा राहतो, उघडा भाग पिवळा पडतो आणि सीमेवर न जाणारी रेघ उमटते. म्हणून पूर्ण पान उघडं ठेवा आणि भोवती अर्धा इंच जागा सोडा. तुमच्या पानासाठी माउंटची खिडकी १२ बाय १८ येईल. बाजूंना आणि वर अडीच इंच, खाली तीन इंच धरले तर बाहेरचं माप १७ बाय साडेतेवीस. पान खरोखर ११ बाय १७ आहे ना, हे मोजा. १९६७च्या सुमारास अमेरिकन कॉमिकची पानं या मापाची झाली, त्याआधीची बरीच मोठी असत. जपानी मंगाची पानं सहसा बी-४ आकाराची, म्हणजे २५७ बाय ३६४ मिलिमीटर असतात.

फ्रेमची खाच, जिच्यात हे सगळे थर बसतात, किती खोल हवी हे बहुतेकजण विचारत नाहीत आणि मग मागचा बोर्ड खिळ्यांनी दाबून बसवतात. समोर ३ मिलिमीटर ॲक्रिलिक, दीड मिलिमीटरचा माउंट, त्याखाली अंतर ठेवायला ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, म्हणजे पान ॲक्रिलिकला टेकणार नाही. मग पान धरणारा दीड मिलिमीटरचा बोर्ड आणि शेवटी ५ मिलिमीटरचा आम्लविरहित फोम बोर्ड. बेरीज १६ होते, तर खाच १८-१९ मिलिमीटरची मागा. लांबी-रुंदीतही ३ मिलिमीटर सैल ठेवा. माउंट आणि पान धरणारा बोर्ड शंभर टक्के कापसाच्या लगद्याचा असू द्या. एमडीएफ किंवा हार्डबोर्ड पानाच्या पाठीशी नको, त्यातून आम्ल बाहेर पडतं आणि कागद तपकिरी होतो.

उजेडाबद्दल एकच हिशोब सांगतो. संग्रहालयं कागदावरच्या नाजूक कामासाठी ५० लक्स धरतात (लक्स हे उजेड मोजायचं एकक). रोज आठ तास, वर्षभर, म्हणजे १,४६,००० लक्स-तास. थेट उन्हाचा उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो. म्हणजे दीड तासाच्या उन्हात वर्षभराचा कोटा संपला. अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक घ्याच, पण दिसणारा उजेडही रंग उडवतो आणि तो कुठलीही काच अडवत नाही. कार्बनची काळी शाई टिकते. मार्कर, रंगीत डायने केलेले रंगाचे नमुने आणि फेल्ट पेनची सही मात्र उडतात. अशा पानाचा ६०० डीपीआयवर स्कॅन करून छापील प्रत लावा आणि मूळ पान अंधारात, सपाट ठेवा. शाईच्या पानालाही तीन-चार महिन्यांनी भिंतीवरून विश्रांती द्या. ओल येणारी बाहेरची भिंत टाळा.

एक राहिलं. ॲक्रिलिकवर स्थिर विद्युत साठते. टोनची फिल्म सुटत असेल, पांढऱ्या रंगाचे पोपडे निघत असतील किंवा पेन्सिलची भुकटी मोकळी असेल, तर ती त्याकडे ओढली जाते. अशा पानाला अतिनील-रोधक लॅमिनेटेड काच लावा. ती जड असते, म्हणून मागे दोन कड्या आणि भिंतीत दोन हुक. ॲक्रिलिक पुसायला अमोनियाचा क्लीनर वापरू नका, त्याने धुरकटतं.

आता रंग. काळ्या शाईच्या पानाला अर्ध्या इंच रुंदीची काळी फ्रेम किंवा साधं लाकूड, दोन्ही शोभतं. हवं ते घ्या. खरा घोळ माउंटच्या रंगात होतो: शुभ्र पांढऱ्या माउंटमध्ये जुनं पान मळकं दिसतं. दुकानात नमुन्याचा तुकडा पानाच्या समासाशेजारी धरून पाहा आणि कागदापेक्षा एक छटा गडद असलेला, किंचित पिवळसर पांढरा निवडा.