सिंगापूर-बँकॉक : दीड तास की अडीच?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही घरचे पाच जण सिंगापूर-बँकॉकला निघतोय. तिकिटावर सिंगापूरहून सुटायची वेळ सकाळी ९.३५ आणि बँकॉकला पोहोचायची ११.०० आहे. येतानाचं विमान मात्र दुपारी १२.०० ला सुटून ३.२५ ला पोहोचतं. अंतर तेच, मग जाताना दीड तास आणि येताना साडेतीन, असं कसं? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, खाण्याची वेळ चुकून चालत नाही.
– एक वाचिका, सिडको, नाशिक

उत्तर : तिकिटं बरोबर आहेत, काळजी करू नका. जाताना-येताना दोन्ही वेळा २ तास २५ मिनिटंच लागतात. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण १,४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीहून थोडं जास्त. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात, आणि बँकॉकचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत पाव तासाचाही फरक नाही. पण सिंगापूरचं घड्याळ आधीच बँकॉकच्या अर्धा तास पुढे होतं, ते १९८२ मध्ये मलेशियाच्या बरोबरीने आणखी अर्धा तास पुढे घेतलं. तिथे सूर्य उगवतो तोच सातच्या सुमारास.

शरणपूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात मी प्रत्येक तिकिटाच्या मागे पेन्सिलीने नाशिकची वेळ लिहून देते. सिंगापूरच्या वेळेतून अडीच तास वजा करा, बँकॉकच्या वेळेतून दीड. तुमचं विमान सुटतं तेव्हा इथे ७.०५, उतरतं तेव्हा ९.३०. सासूबाईंच्या हातातलं घड्याळ पूर्ण सहलीत नाशिकच्याच वेळेवर राहू द्या. त्यांच्या पोटाला तीच वेळ कळते.

त्यांच्यासाठी खरा प्रवास मात्र अडीच तासांचा नाही. हॉटेल सव्वासहाला सोडावं लागेल, तेव्हा इथे पहाटेचे पावणेचार. बँकॉकला पासपोर्टची रांग, सामान, रस्त्यावरची गर्दी धरून हॉटेलवर पोहोचायला तिथला एक वाजेल. म्हणजे पावणेआठ तास झाले. विमानात जेवण मिळेलच असं धरून चालू नका. दशमी, खाकरा, भाजलेले शेंगदाणे त्यांच्याच पर्समध्ये ठेवा, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा हाताशीच. इन्सुलिन घेत असतील तर या वेळा आधी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, हे नक्की बघा : बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एकदा माझ्याकडच्या एका कुटुंबाला टॅक्सीवाल्याने परतीच्या दिवशी सुवर्णभूमीला नेऊन सोडलं, विमान होतं डॉन मुआंगहून. शहराच्या दोन टोकांना आहेत दोन्ही. आजोबांना व्हीलचेअर लागायची; त्यांना घेऊन पुन्हा टॅक्सी शोधताना त्यांच्या सुनेचा रडवेला फोन आला होता, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. विमानतळाचं नाव मी त्यांना ठळक लिहून द्यायला हवं होतं. तुमच्या तिकिटावरचं नाव आजच बघून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पाचही जणांच्या खिशात ठेवा.