इतक्यात क्षेत्र बदलू नका

प्रश्न: पुराचं पाणी घरात शिरलं, त्याला दोन महिने झाले. १६ वर्षांची मुलगी आधी आर्किटेक्ट व्हायचं म्हणायची. आता म्हणते, घर सोडून कुठेही जाणार नाही, इथे जे मिळेल ते शिकेन. अभ्यासात लक्ष नाही, पाऊस लागला की पोट दुखतं. रात्री आम्ही दोघीही उठून बाहेर पाणी बघतो. कलचाचणी करून दुसरं क्षेत्र निवडावं का?

उत्तर: ताई, कलचाचणी सध्या नकोच. झोप नाही, कान सतत पावसाकडे. अशा अवस्थेत ती चाचणीला बसली, तर कागदावर तिची भीतीच उतरेल. त्यावर पुढची काही वर्षं ठरवणं मला मुळीच पटत नाही.

‘घर सोडणार नाही’ हे मात्र हलक्यावारी नेऊ नका. आपण नसताना घरच्यांना काही झालं तर, हा धसका आपत्तीनंतर मुलं मनात धरून बसतात. लहान मुलं आईला चिकटतात, अंथरूण ओलं करतात. या वयातली चिडतात, गप्प होतात, ठरवलेलं सोडून देतात. तिची पोटदुखीही खरीच आहे.

पाऊस आहे म्हणून शाळा बुडवू दिली, की त्या दिवशी बरं वाटतं आणि पुढच्या पावसाची भीती वाढते. त्यापेक्षा रिमझिम असताना तुमच्यासोबत कोपऱ्यापर्यंत, मग मैत्रिणीबरोबर शाळेपर्यंत, असं हळूहळू न्या. पुन्हा पाणी आलं तर कुणी कुणाला फोन करायचा, कुठे भेटायचं, कागदपत्रं कुठे ठेवायची, हे तिलाच लिहून काढू द्या. रात्री पाणी बघायला उठणं आधी तुम्ही थांबवा. तुमचा चेहरा बघूनच ती धोका ओळखते. मोबाइलवर पुराचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणंही बंद. पूर आला त्या वेळेबद्दल खोदून विचारू नका. आपणहून बोलली तर शेवटपर्यंत ऐका, ‘विसरून जा’ म्हणू नका. अभ्यास २०-२५ मिनिटांच्या तुकड्यांत चालू द्या आणि वर्गशिक्षकांच्या कानावर सगळं घाला.

आधार आणि नेहमीचा दिनक्रम मिळाला की बहुतेक मुलं सावरतात. पण महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं, म्हणजे तुम्ही आताच वेळ घ्या. अशा भीतीवर सीबीटी, म्हणजे बोलण्यातून विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, चांगली लागू पडते. जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली, तर त्याच दिवशी जा.

झोप आणि अभ्यास काही आठवडे सलग रुळावर राहिले, की क्षेत्राचा विषय पुन्हा काढा. तेव्हाही तिला जवळचंच कॉलेज हवं असेल, तर खुशाल घेऊ द्या. तोवर गणित तेवढं सोडू देऊ नका. आर्किटेक्चरच्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी ते लागतं.