मऊ पडलेलं अडेनियम, जेडवरचा कापूस

प्रश्न: पावसात अडेनियमचं (फुगीर बुडाचं शोभेचं झाड) बूड मऊ झालंय, पानं पिवळी पडून गळताहेत. पाणी वाढवू का?

थांबा, आधी दाबून बघा. तहानेनं मऊ झालेलं बूड चहूकडून सारखंच मऊ लागतं, पाणी मिळालं की काही दिवसांत टणक होतं. एकाच बाजूला बोट रुततंय, साल काळपट झालीय, आंबूस वास येतोय? मग ती कूज. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि तिथून पिथियमसारखी बुरशी आत शिरते.

झाड उपटून मुळं धुवा. हातमोजे घाला, चीक विषारी असतो. सुरी स्पिरिटनं पुसून पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापत जा. दर कापाला सुरी पुन्हा पुसायची. गरात तपकिरी ठिपका जरी राहिला तरी तिथूनच कूज पुन्हा चढते, तेव्हा झाडाची दया करू नका. कापावर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांची मिश्र पूड चोळा (नुसतं कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही) आणि 7 ते 10 दिवस सावलीत, वाऱ्याला टांगून ठेवा. खरं औषध हे वाळवणंच. मग 2 भाग विटांचे बारीक तुकडे, 1 भाग जाड वाळू, 1 भाग चाळलेलं जुनं शेणखत अशा मिश्रणात लावा. पहिलं पाणी आठवड्यानं. नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) मुळांना चिकटलेलं असेल तर तेही काढून टाका.

प्रश्न: जेडच्या (जाड, मांसल पानांचं कुंडीतलं झाड) पेरांत पांढरा कापूस दिसतो. कडुलिंबाचं तेल फवारलं, तरी परत येतो.

पिठ्या ढेकूण. त्याची अंडी त्या कापसातच असतात, एका फवाऱ्यानं ती मरत नाहीत. कान साफ करायची काडी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पेर पुसा, दर 6-7 दिवसांनी, चार वेळा. तेल वापरायचंच तर लिटरभर पाण्यात 5 मिली, थोडा साबण घालून, तेही ऊन उतरल्यावर. एचेवेरियावर (गुलाबासारखी रचलेली मांसल पानं असलेलं झाड) मात्र नकोच. पानांवरची नैसर्गिक भुकटी जाते ती त्या पानांवर परत येत नाही. मुंग्याही हटवा, ढेकणांच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्यांना राखतात. एवढं करूनही झाड खुंटलेलं राहिलं तर कुंडी उलटून मुळं पाहा. तिथेही पांढरी भुकटी असेल तर सगळी माती फेकायची.

प्रश्न: कॅक्टस बुडापासून तपकिरी होतोय. कूज आहे का?

नखानं टोकरा. लाकडासारखं कडक लागलं तर ते वय आहे.