घरी कोणती भाषा बोलता?

"पुण्यातली पीएचडी संपत आलीय, काम डीएनए दुरुस्तीवर, अमेरिकेत चॅपल हिलला पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, ऑफर आहे, सोबत नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. यावं का?" असं तू विचारलंस. माझी भाची तुझ्याच वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. पगार, विमा वगैरे विद्यापीठाच्या साइटवर सापडेल.

व्हिसाच्या मुलाखतीला संशोधनाचं वर्णन अगदी साधं ने. मी 'डीएनए डॅमेज' लिहिलं होतं. खिडकीपलीकडच्या माणसानं विचारलं, "डॅमेज कोणाचं?" म्हटलं, "यीस्टचं." तो हसला नाही. आणखी चौकशी होईल अशी चिठ्ठी दिली, आणि पुढचे अकरा आठवडे पासपोर्ट तिकडेच. घर सोडलेलं, सामान सासरी, आणि लेक रोज विचारायची, विमान कधी?

बॉसला एक आधीच विचारून घे: लॅब सोडताना प्रकल्प सोबत नेता येईल का? मी विचारलं नाही. सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं यीस्टचे टेट्रॅड, म्हणजे चार-चार बीजाणूंचे पुंजके, फोडले, बीजाणू ओळीत मांडले. डीएनएची नक्कल करताना अडखळणारं यीस्ट रडतखडत वाढतं, प्लेट कधी तयार होईल याचा भरवसा नाही, त्यामुळे रविवार तुझा नसतो. आणि त्यात एखादी वसाहत अचानक तरारली तर हुरळू नकोस, बहुतेक वेळा दुसरं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला आणखी एक बदल, शिरलेलं असतं. म्हणून यीस्टचे मूळ वाण, म्हणजे स्ट्रेन, पहिल्याच दिवशी उणे 80 अंशांना गोठव. माझे सगळे त्या लॅबच्याच फ्रीजरमध्ये राहिले. मी आता एका कंपनीत दुसऱ्यांचे अहवाल तपासते.

तिथे तुला अझीझ सांजारांची गोष्ट ऐकवतील. तुर्कस्तानातल्या सावुर गावचे डॉक्टर, 1977 ला डॅलसमध्ये पीएचडी, पोस्टडॉकला तीन ठिकाणी नकार, मग येलमध्ये टेक्निशियनची नोकरी, 1982 पासून चॅपल हिल. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनएचा तुकडा पेशी कशी कापून काढते, यासाठी 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल. गोष्ट खरी आहे. मला तिच्यातली टेक्निशियनची वर्षं तेवढी ऐकू येतात.

एकटेपणाचं विशेष काही नाही. मंडळ आहे, गणपती आहे, होते सवय.

शाळेचं मात्र सांगते. प्रवेशाच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? आम्ही ऐटीत 'मराठी' लिहिलं. लेक दुसरीत, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं फडशा पाडणारी. तिला रोज वाचनाच्या तासाला वर्गातून उठवून इंग्रजी न येणाऱ्या मुलांत नेऊन बसवायचे. सफरचंदाचं चित्र दाखवून 'ॲपल' म्हणायला लावायचे. मी दोनदा भेटून आले. ते गोड हसले, नियम सांगितला. पुढच्या वर्षी घर बदललं, शाळा बदलली, तोच फॉर्म आला. लेक म्हणाली, "आई, इंग्लिश लिही ना." मी लिहिलं.

आज ती 19 ची आहे. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. लोकांना सांगते, तिच्या शाळेसाठी इथे राहिलो. खरं सांगू? भारतात परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीच्या सरकारी रामलिंगस्वामी फेलोशिपचा अर्ज पूर्ण भरून ठेवला होता, पाठवला नाही. आयसर या विज्ञानसंस्थेत माझ्या बॅचचे प्राध्यापक झालेले, आणि माझ्या हातात एक पेपर, त्यावरही माझं नाव तिसरं.

ये की नको, ते मला सांगता येणार नाही. आलीस तर शाळेचा फॉर्म भरायच्या आधी मला फोन कर, रात्री कितीही वाजता.